गाईडच्या मागची मानाची जागा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आम्हा सगळ्यांना वडिलांच्या जागी असलेले आदरणीय बाळासो आण्णा, प्रमुख पाहुण्या डॉक्टर पल्लवीताई, आपल्या कृष्णाकाठ मोटारसायकल मंडळाचे उपाध्यक्ष आणि माझे चुलतबंधू आप्पासो, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती निवृत्त सुभेदार नाथाजी गोरड, त्यांच्या शेजारी अंग चोरून बसलेल्या लीलाबाई वहिनी, पहिल्या रांगेतले त्यांचे चिरंजीव नायक शिवतेज, दहिवडीकडून दोन जीप भरून उन्हातान्हात आलेली पाहुणेमंडळी, आणि पलूसकर बंधू-भगिनींनो.

मागं उभे आहेत त्यांनी पुढं यावं, खुर्च्या मोकळ्या आहेत. नाही येणार. आपल्याकडं बोलावल्याशिवाय पुढच्या रांगेत कोणी बसत नाही, आणि बोलावलं नाही म्हणून जेवल्याशिवाय निघून जातो. असू द्या, उभ्यानं ऐका.

मी धनाजी. या मंडळाचा नऊ वर्षं अध्यक्ष. माझा आवाज मोठा आहे, तो रागाचा नाही, जन्माचा आहे. रागाचा वेगळा आहे, तो या सभागृहातल्या आठ-नऊ जणांनी ऐकलेला आहे. कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू झाला त्याबद्दल आधी दिलगिरी व्यक्त करतो. फेटे बांधणारा वेळेवर आला होता. पहिला फेटा माझ्या डोक्याला की आप्पासोच्या, यावर मागच्या खोलीत वीस मिनिटं गेली. शेवटी दुसरा फेटेवाला बोलावला आणि दोघांचे एकदमच बांधले. हसू नका, खरं सांगतोय. हे चाललं होतं तेव्हा सत्कारमूर्ती कुठं होते? बाहेर, गाड्या लावल्यात तिथं, उकिडवे बसून कोणाच्या तरी गाडीची सैल चेन बघत होते.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे मला मानपत्र वाचायचं आहे. वाचतो. 'माण तालुक्याच्या दुष्काळी मातीत, मेंढपाळ कुटुंबात जन्मलेले, सैन्यदलात अठ्ठावीस वर्षे निष्ठेने सेवा बजावलेले, मंडळाच्या प्रत्येक सफरीत सर्वांच्या पाठीमागे राहून सर्वांची काळजी वाहणारे' हे सगळं बरोबर आहे. पुढं. 'गतवर्षी किर्गिझस्तान देशातील दुर्गम घाटात मोटारसायकलवरून पडून झालेल्या दुर्दैवी अपघातात त्यांच्या उजव्या हातास कायमचे अपंगत्व आले.'

ही ओळ खोटी आहे.

छापखान्याची चूक नाही, त्या बिचाऱ्याकडं बघू नका. मजकूर मी लिहिला, प्रुफं मी तपासली, काचेची चौकट मी निवडली. नाथाजी पडले नाहीत. आप्पासो, खाली बस. तू असा मधेच उठलास की लोकांना वाटेल यात तुझंही काही आहे. आहेच, ते पण येणार आहे. आणि माईकवाल्या भावा, कोणीही खूण केली तरी बटणाला हात लावायचा नाही, तुला बाळासो आण्णांची शपथ.

अध्यक्षमहोदय, तुमची परवानगी गृहीत धरतो. का सांगतोय तेवढं आधी ऐका. नाथाजी फौजेत मोटारसायकलवरून टपाल पोचवायचे. बर्फात, दरडीत, रात्री-अपरात्री. अठ्ठावीस वर्षांत एकदाही गाडी आडवी केली नाही. हे ते स्वतः कधी बोलत नाहीत, पण दुसऱ्या कोणी म्हटलं की मान खाली घालून हसतात. माणसाला एखादाच अभिमान असतो, त्यांचा तेवढाच होता. आणि गेले सहा महिने चावडीवर, एसटीत, न्हाव्याच्या दुकानात एकच विचारणा. सुभेदार, पडलासा म्हणं? वहिनींनी बुलेटची चावी पिठाच्या डब्यात लपवून ठेवली आहे. वहिनी, मला ठाऊक आहे, सगळ्या माणला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात शिवतेज रजेवर आला होता, तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो होतो. भावकीतले चार लोक बसले होते. त्यांच्यासमोर हा पोरगा बापाला म्हणाला की वय झालं, हात कापतात, हे कबूल का करत नाही, उद्या दुसऱ्या कोणाला चिरडाल तेव्हा कळेल. नाथाजी उठले आणि शेळीला पाला टाकायला गेले. मी तिथंच बसलो होतो, हातात चहा होता. मी खरं सांगितलं नाही. तो चहा मी पूर्ण प्यायलो. त्या दिवसापासून, मंडळी, माझ्या घशाखाली चहा उतरत नाही.

आता गोष्ट. त्याच्याआधी आमच्या घराण्याची थोरवी सांगावी लागेल, नाहीतर बाहेरच्या पाहुण्यांना कळायचं नाही. आमच्या गावच्या जत्रेत पालखीपुढं पहिला नारळ कोणत्या घरचा, यावरून माझ्या आणि आप्पासोच्या घरात दोन पिढ्या हाणामारी आहे. आमचा आजा एकच. माझ्या वडिलांना डाव्या कानाची पाळी नव्हती. ती आप्पासोच्या वडिलांनी, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भावानं, देवळाच्या पायरीवर दातानं तोडली होती. आप्पासोच्या वडिलांचे समोरचे तीन दात नव्हते. ते माझ्या वडिलांनी नारळानं पाडले होते, आणि तोच नारळ मग रक्तासकट देवापुढं फोडला होता. दोघंही ही हकीकत मरेपर्यंत कौतुकानं सांगायचे. आम्ही दोघं पोरं मांडीवर बसून ऐकायचो.

अशी आम्ही माणसं गेल्या ऑगस्टात किर्गिझस्तानला निघालो. मंडळाची पहिली परदेशवारी, विटा-खानापूरच्या पलीकडं न गेलेल्यांनीही पासपोर्ट काढले. आम्ही नऊ जण, तिथला एक गाईड, आणि सामानाचा एक ट्रक. गाईडचं नाव अझामत. तिशीचा पोरगा, हडकुळा, डोळे बारीक, बोलणं कमी. पहिल्या दिवशी त्यानं आम्हाला शहराबाहेरच्या मैदानात तासभर गाड्या चालवायला लावल्या. वळवा, थांबवा, खडीवरून न्या, उभं राहून चालवा. तो वहीत काहीबाही लिहीत होता. मग त्यानं प्रत्येकाच्या हेल्मेटवर नंबराची चिकटपट्टी लावली, आणि बारा दिवस कोणी आपला नंबर सोडायचा नाही म्हणून सांगितलं. एक नंबर तो स्वतः. दुसरा नंबर मी. आप्पासो आठवा. नाथाजी दहावे, सगळ्यांच्या शेवटी, त्यांच्या मागं फक्त ट्रक.

आता मला सांगा, आपल्याकडचा माणूस याचा काय अर्थ घेईल? गाईड म्हणजे पालखी. पालखीच्या पाठीला ज्याची गाडी, मान त्याचा. मी छाती काढून फोटो काढला आणि गावाकडं पाठवला. खाली लिहिलं, 'परदेशातही मान आपल्याच घराला.' गावातून दोनशे अंगठे आले. त्यातले काही अंगठे आज इथं बसले आहेत.

त्याच संध्याकाळी हॉटेलच्या जिन्यात आप्पासोनं माझी गचांडी धरली आणि डोकं कठड्यावर आपटलं. एकदा नाही, दोनदा. मी त्याच्या पोटात गुडघा घातला. तो वाकला तसा मी त्याच्या मानेवर कोपर हाणला आणि तो चार पायऱ्या गडगडत खाली गेला. खाली हॉटेलच्या काउंटरवर बसलेली पोरगी किंचाळली. नाथाजी वरून बनियनवर धावत आले. एका हातानं त्याला धरलं, एका हातानं मला. तेव्हा त्यांचे दोन्ही हात धड होते.

देश फार सुंदर आहे हो. ते सांगायचं राहू नये. डोंगरावर झाड नाही, नुसतं गवत, आणि ते गवत वाऱ्यानं एका बाजूला झुकलेलं. कास पठारावर गेल्यावर आपण ज्याला लय मोठं म्हणतो ना, तसली शंभर पठारं एकापुढं एक. तिसऱ्या दिवशी रस्त्यावर मेंढरांचा कळप आडवा आला. हजारभर असतील. अझामत थांबला, आम्ही थांबलो. मी हॉर्न दाबत होतो. नाथाजी मागून चालत पुढं आले, माझी चावी फिरवून इंजिन बंद केलं, आणि बाकीच्यांनाही बंद करायला लावलं. कळपामागं घोड्यावर एक म्हातारा होता. नाथाजी त्याच्याकडं गेले. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही, तरी पाच मिनिटं दोघं मेंढरांच्या कानाला, खुराला हात लावून काहीतरी बोलत होते. जाताना म्हाताऱ्यानं त्यांना घोड्यावरून वाकून मिठी मारली.

परत आल्यावर ते माझ्याजवळ उभे राहिले. सहज बोलावं तसं बोलले. म्हणाले, 'धनाजीराव, आमच्यात जाणता गडी मागं चालतो. दमल्यालं, लंगडं मागं ऱ्हातंय, त्याला बघाया. आन् नवं बुजरं मेंढरू आसंल तर ते म्होरच्या शेळीच्या पाठीला लावत्यात. मंग भरकटत न्हाई.' मी म्हटलं, असं का, छान. मला वाटलं धनगरी माहिती देतायत. ते मला माझा नंबर सांगत होते, मंडळी. माझा पाणउतारा न करता, इतरांना ऐकू न जाता सांगत होते. माझ्या डोक्यात शिरलं नाही.

पाचव्या दिवशी आप्पासो आठवरून सुटला. एका वळणावर आतून घुसला आणि गाईडच्या मागं जाऊन बसला. मी दोन वळणं सहन केलं. तिसऱ्या वळणाला त्याच्या बरोबरीनं गेलो आणि चालत्या गाडीवरून त्याच्या गाडीला लाथ घातली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, तळाला नदी. गाडी दरीकडं न पडता डोंगराकडं पडली, यात माझी काही अक्कल नाही. आप्पासो खडीवर वीस फूट घासत गेला. पँट फाटली, गुडघ्याचं कातडं सालपटासारखं निघालं. तो उठला, गुडघ्याकडं बघितलं नाही, हेल्मेट काढलं आणि तेच माझ्या तोंडावर हाणलं. हा समोरचा दात बघा. हा माझा नाही, सांगलीत बसवलाय. दात घशात घालणं हे आपण नुसतं बोलतो, त्या दिवशी माझा खरंच गेला. मग मी त्याच्या छातीवर बसलो आणि दोन्ही मुठींनी तोंड हाणत राहिलो, हात दुखेपर्यंत. त्याच्या नाकाचा तो बाक जन्माचा नाही, माझा आहे.

अझामत चिडला. दोघांना ट्रकमधून परत पाठवतो म्हणाला. तेव्हा नाथाजींनी त्याच्यापुढं हात जोडले. आपल्या मोडक्यातोडक्या फौजी हिंदीत आणि खुणांनी त्याला समजावलं की ही दोघं भाऊ आहेत, इथून पुढं काही झालं तर जबाबदार मी. हमी घेतली त्यांनी आमची. घेताना आम्हाला विचारलं नाही.

सातव्या दिवशी मोठा घाट होता. माथ्यावर पोचलो तेव्हा दोन्ही बाजूला बर्फ, ढग पायाखाली, आणि वाऱ्याशिवाय कसलाही आवाज नाही. इतकी शांतता की मला खरंच देव आठवला. आप्पासोच्या मागच्या चाकात हवा नव्हती. ट्रक थांबला, ताडपत्री अंथरली, हत्यारं काढली. नाथाजी हातमोजे काढून चाक धरून बसले. आप्पासो अझामतशी बोलत होता. द्राक्षं परदेशी पाठवून पाठवून त्याला इंग्रजी बरं येतं. बोलता बोलता तो हसायला लागला. पोट धरून हसला. मग सगळ्यांना जवळ बोलावलं.

आप्पासो, तूच सांगतोस का? नको म्हणतोस. मग मी सांगतो, शब्द न् शब्द पाठ आहे मला. तू म्हणालास, 'गड्यांनू, दुसऱ्या नंबराला कुणाला ठेवत्यात ठावं हाय का? ज्याला गाडी धड येत न्हाई त्याला. गाईडच्या आरशात दिसाया पायजे म्हणून. आन् सगळ्यात हुशार तो शेवटाला. आमचं अध्यक्ष कच्चं लिंबू हाय.'

मी अझामतकडं बघितलं. त्यानं वही उघडली आणि माझ्या नावासमोरची खूण दाखवली. तो काही चिडवत नव्हता. डॉक्टर रिपोर्ट दाखवतात तसा दाखवत होता. आणि सगळे हसले. सगळे म्हणजे नाथाजी सोडून. त्यांनी मान वर केली नाही, चाक धरूनच होते. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

अंगाची लाही झाली म्हणतात ना, तसं काही झालं नाही. अंग गार पडलं. दोनशे अंगठे डोळ्यांपुढं आले. ताडपत्रीवर ट्रकचं चाक खोलायची टॉमी पडली होती, हातभर लांब, लोखंडी. मी ती उचलली. आप्पासो तोवर पाठमोरा झाला होता. हे सांगणं भाग आहे. तो पाठमोरा होता आणि डोक्यावर हेल्मेट नव्हतं. मला त्याला घाबरवायचं नव्हतं. मला त्याचं डोकं फोडायचं होतं. लाकूड फोडताना कुऱ्हाड घेतो तशी टॉमी दोन्ही हातांनी डोक्यामागून घेतली आणि घातली.

मधे एक हात आला.

नाथाजी कधी उठले, कसे आले, मला माहीत नाही. त्यांनी आपला उजवा पंजा आप्पासोच्या डोक्यावर ठेवला, आशीर्वादाला ठेवतात तसा, आणि त्या पंजावर टॉमी बसली. आवाज कसा झाला ते मी सांगणार नाही, वहिनी समोर आहेत. आप्पासो गुडघ्यावर बसला. त्याला फक्त टेंगूळ आलं. नाथाजींची दोन बोटं उलटी वळली होती, हाताच्या पाठीतून हाड बाहेर दिसत होतं, आणि रक्त बाहीत शिरत होतं.  आणि मी, ऐका मंडळी, मी टॉमी दुसऱ्यांदा उचलली होती. अझामतनं मागून येऊन ती हिसकावली, मला खडीवर पालथा पाडलं आणि मानेवर गुडघा रोवला. मी तोंडातून माती थुंकत तरी शिव्या देत होतो. आईच्या, बहिणीच्या, आमच्या दोघांच्या एकाच आजीच्या.

नाथाजी बर्फात बसले, हात बर्फात खुपसला. अझामतनं फोन काढला होता. पोलीस, तो म्हणत होता. नाथाजींनी डाव्या हातानं त्याचा फोनचा हात धरला आणि आम्हाला म्हणाले, 'मी पडलो. गाडीवरनं पडलो. समद्यांनी हेच सांगायचं, घरी बी.' मग माझ्याकडं बघून म्हणाले, 'धनाजीराव, तुमच्या लेकीचं, मायाचं लगीन हाय वैशाखात. परक्या मुलखात आत गेलासा तर कन्यादान कोण करणार? हमी माझी हुती.'

 अझामतनं फोन खिशात घातला, तो माझ्याजवळ आला आणि माझ्या बुटावर थुंकला. मी पुसलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझं आणि आप्पासोचं एका गोष्टीवर एकमत झालं. नाथाजी पडले, असं आम्ही दोघांनी लगेच कबूल केलं. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. ते सगळे या सभागृहात आहेत, कुठं बसलेत ते विचारू नका, जे खाली बघतायत तेच.

नाथाजींना ट्रकमध्ये घातलं. सहा तास घाट उतरायचा होता. मी ट्रकमध्ये बसतो म्हटलं तर अझामतनं नुसतं बोट केलं. आपल्या मागची जागा दाखवली. दुसरा नंबर. सहा तास त्याच्या आरशात मला माझं तोंड दिसत होतं. तिथल्या डॉक्टरांनी दोन बोटं काढली. उरलेल्या बोटांची मूठ मिटत नाही, आणि मूठ मिटत नाही त्याला गाडीची मूठ पिळता येत नाही. म्हणून हा निरोप समारंभ.

डॉक्टर पल्लवीताई, तुम्ही इकडं पट्टी सोडली तेव्हा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, पडणारा माणूस हात टेकतो, तळव्याला एकही ओरखडा कसा नाही, मार सगळा वरून कसा? मी म्हटलं, परदेशातले रस्तेच तसले. तुम्ही माझ्याकडं नुसतं बघितलंत. तुमच्या त्या नजरेबद्दल आज जाहीर आभार मानतो.

वहिनी, तुमचा माणूस पडला नाही. अठ्ठावीस वर्षांत नाही, आणि त्या दिवशीही नाही. त्यांची गाडी त्या घाटात स्टँडवर उभी होती, सरळ. पिठाच्या डब्यातली चावी काढा.

आता कामाचं. मानपत्राची ही काच मी सोडवली आहे, आणि ही ओळ पेनानं खोडतोय. वर लिहितोय, 'धनाजीने मारलेल्या टॉमीच्या घावाने.' अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं. अध्यक्षपदाचा राजीनामा आण्णांच्या पुढ्यात आहे, पोलिसांना बोलवायचं तर मी कुठं जात नाही, लग्न लागेपर्यंत थांबा असंही म्हणत नाही. जेवणानंतर इथून दहिवडीपर्यंत नाथाजींना पोचवायला आपल्या चाळीस गाड्या निघणार आहेत. पत्रिकेत छापलंय की अध्यक्ष झेंडा घेऊन सर्वांत पुढं. ते खोडा. झेंडा आप्पासोकडं द्या. मी त्याच्या मागं चालतो, त्याच्या आरशात दिसेन असा. मला ती जागा काय आहे ते माहीत आहे आणि मला तीच पाहिजे. जत्रेचा पहिला नारळही यंदा त्याच्या घरचा फोडा, माझ्या वडिलांच्या कानाची आण आहे. नाथाजींची बुलेट घरी आहे, म्हणून मंडळाची एक गाडी सगळ्यांत शेवटी, त्यांच्या जागेवर. शिवतेजनं चालवावी, बापानं मागं बसावं.

शिवतेज उठलेला आहे. त्याला बस म्हणू नका. ए, हात सोडा त्याचा. स्टेजच्या पायरीशी थांबून बूट काढतोय बघा, एवढा संतापलाय तरी बुटासकट वर येत नाही. नाथाजी, पोरगं चांगलं वाढवलंत तुम्ही.

वेळ झाली, आवरतो. आण्णा, तुम्ही मला थांबवलं नाहीत, तुमचे आभार. पाहुण्यांचे आभार, मांडववाल्याचे, दोन्ही फेटेवाल्यांचे, आणि भात गार होत असतानाही शांत बसलेल्या आचाऱ्याचे आभार. असल्या भाषणाच्या शेवटी वक्ता म्हणतो, काही कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला. मी तसं म्हणत नाही. यातलं काही पोटात घालू नका, सहा महिने माझ्या पोटात होतं, माणूस सडतो. विनंती एकच आहे. शिवतेज वर आला की कोणी मधे पडायचं नाही. आप्पासो, तू पण नाही. मी हात उचलणार नाही, हे बघा, मागं बांधले.

आणि नाथाजी, तुम्ही खुर्चीवरून उठलात, मला दिसतंय. बसा. तो हात खाली घ्या. आज मधे हात घालायचा नाही.